टक्के सगळे सांगतात, तास कुणी विचारत नाही

परवा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. पेरोव्स्काइट सोलर येतंय, ३४ टक्के कार्यक्षमता, आत्ता गच्चीवर पॅनेल लावून पैसे घालवू नका. झालं, रविवारच्या बैठकीतला सोलरचा ठराव पुढे ढकलायचं ठरलं. राहवलं नाही म्हणून लिहितोय.

आकडा खोटा नाही. चीनच्या लाँगी कंपनीने २०२४ मध्ये ३४.६ टक्क्यांची नोंद केली. पण तो सिलिकॉनवर पेरोव्स्काइट चढवलेला, प्रयोगशाळेतला छोटासा सेल. आणि या आकड्यामागचा इतिहास पाहिला तर खरी मारामारी पेरोव्स्काइटच्या शेजारच्या एका पातळ थरावर झालेली दिसते.

सेलवर ऊन पडलं की इलेक्ट्रॉन सुटतो आणि मागे धन भाराची जागा उरते. दोघं पुन्हा भेटले तर वीज गेली. म्हणून एका बाजूला दारवान लागतो, इलेक्ट्रॉनला बाहेर सोडणारा आणि धन भाराला अडवणारा. हाच इलेक्ट्रॉन वाहक थर.

२००९ मध्ये जपानमध्ये योकोहामाच्या तोइन विद्यापीठात मियासाका आणि त्यांचा विद्यार्थी कोजिमा यांनी पेरोव्स्काइटचा पहिला सेल केला. दारवान अर्थातच टायटॅनियम डायऑक्साइड, कारण ग्रेटझेल यांच्या १९९१ च्या रंगद्रव्य-सेलपासून तीच वहिवाट होती. कार्यक्षमता ३.८ टक्के. आयुष्य काही मिनिटं! सेलमधल्या द्रवातच पेरोव्स्काइट विरघळून जाई. २०१२ मध्ये कोरियाच्या पार्क यांनी ग्रेटझेल यांच्यासोबत द्रव काढून घन पदार्थ वापरला आणि ९.७ टक्के गाठले.

त्याच वर्षी ऑक्सफर्डच्या स्नेथ यांच्या गटाने गंमत केली. टायटॅनियमच्या सच्छिद्र थराऐवजी ॲल्युमिनाचा थर घातला. ॲल्युमिना म्हणजे विद्युतरोधक, त्यातून इलेक्ट्रॉन जाणारच नाही. खाली टायटॅनियमचा एक सलग थर होता, तरी सेल बिघडायला हवा होता. उलट १०.९ टक्के आले. म्हणजे पेरोव्स्काइट स्वतःच इलेक्ट्रॉन वाहून नेत होतं. मला तरी या सगळ्या कथेतला हाच सर्वांत सुंदर प्रयोग वाटतो.

पुढच्याच वर्षी त्याच गटाने टायटॅनियमचा दोष उघडा पाडला. बाहेरच्या भिंतीवर हात फिरवला की पांढरी पूड लागते ना? रंगातलं टायटॅनियम डायऑक्साइड अतिनील किरणांनी चेकाळतं आणि रंगाचा बांधा खातं, हे त्यामागचं एक कारण. सेलमध्येही घोळ अतिनील किरणांचाच. या ऑक्साइडच्या पृष्ठभागावर ऑक्सिजन नसलेले खड्डे असतात. हवेतला ऑक्सिजन ते बुजवतो, किरण त्याला हुसकावतात आणि इलेक्ट्रॉन खड्ड्यात अडकतात. त्यामुळे हवाबंद केलेले सेल उघड्या सेलपेक्षा लवकर मेले! आपण जपायला म्हणून झाकायचं, तर झाकल्यानेच नुकसान.

आणखी एक भानगड होती. व्होल्टेज चढतं ठेवून मोजा, एक आकडा. उतरतं ठेवा, दुसरा. २०१४ च्या सुमारास यावर बरंच लिहिलं गेलं. अर्थात चांगला दिसणारा आकडाच छापायचा मोह कुणाला होत नाही?

मग आलं टिन ऑक्साइड. टिन म्हणजे कथील, आपल्या कल्हईतलंच. टायटॅनियमचा सच्छिद्र थर साधारण ४५० ते ५०० अंशांवर भाजावा लागतो, याला १५० च्या आसपास पुरतात. इलेक्ट्रॉन यातून जास्त सहज पळतो आणि अतिनील किरणांनी हे तेवढं चेकाळत नाही. २०१५ मध्ये लोझानच्या गटाने यावर १८ टक्क्यांच्या वरचा सेल केला. चढतं-उतरतं मोजमापही जवळपास जुळलं. २०२१ मध्ये एमआयटीच्या गटाने हाच थर रसायनात बुडवून नीट वाढवला, २५.२ टक्के. सिलिकॉनवर चढवायच्या सेलमध्ये आता थरांचा क्रम बहुधा उलटा असतो आणि इलेक्ट्रॉनच्या दारावर सी-६० हा कार्बनचा गोळा, पण त्यावरही टिन ऑक्साइड असतंच.

आता तासांचं बघा. २०१३ च्या त्या निबंधात सच्छिद्र टायटॅनियम काढलेल्या सेलने अखंड प्रकाशात १००० तास स्थिर प्रवाह दिला. तेव्हा ती मोठीच बातमी होती. पण रोजचं भरघोस ऊन ५ तासांचं धरलं तर १००० तास म्हणजे २०० दिवस. आपल्या सिलिकॉन पॅनेलची हमी असते २५ वर्षांची. त्यात पेरोव्स्काइटला ओल अजिबात सोसत नाही, उष्णताही फारशी नाही, आणि तो प्रश्न एकट्या दारवानाच्या हातातला नाही. कोकणातला जुलै डोळ्यांसमोर आणा.

काम थांबलेलं नाही. पवईच्या आयआयटीत सिलिकॉन-पेरोव्स्काइट सेलवर संशोधन चालू आहे. ऑक्सफर्ड पीव्हीने २०२४ मध्ये असे पहिले पॅनेल अमेरिकेत एका ग्राहकाला पाठवलेही. पण ते पॅनेल २४.५ टक्क्यांचे, फॉरवर्डमधल्या ३४ चे नव्हेत.

सचिवांना कळवलंय, ठराव रविवारच्या विषयपत्रिकेवर परत घ्या म्हणून. ज्यांना थांबायचंय त्यांनी बैठकीत येऊन सांगावं, किती वर्षं आणि कशासाठी.