पडणाऱ्या दाताचे मोजमाप

दुधाचा दात आज ना उद्या पडायचाच, मग त्याच्यावर उपचार कशाला, असे पुष्कळ घरांतून सहज म्हटले जाते. परंतु दुधाची मागची दाढ मुलाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी उगवते, ती दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत टिकते. अन्न चावणे हे तिचे एक काम. पुढे येणाऱ्या कायमच्या दातासाठी जागा राखून ठेवणे हे दुसरे. ती अकाली गेली तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि नवा दात वाकडा येतो किंवा अडून राहतो. म्हणून कीड आतील मज्जेपर्यंत पोचली, तरी मुळांतील नलिका स्वच्छ करून दाढ वाचविण्याचा प्रयत्न दंतवैद्य करतात.

या कामात पहिला प्रश्न येतो तो नलिकेच्या लांबीचा. सुई अलीकडे थांबली तर दूषित अंश आत राहतो. पलीकडे गेली तर मुळांच्या कुशीत वाढणाऱ्या कायमच्या दाताच्या अंकुराला इजा होण्याचा संभव असतो. चूक एखाद-दोन मिलिमीटरांची, पण तिचे फळ मुलाला जन्मभर भोगावे लागू शकते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हे मोजमाप बोटांच्या स्पर्शावर आणि रोग्याच्या वेदनेवर अवलंबून होते. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीत राँटजेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. पुढच्या जानेवारीतच ब्राउनश्वाइगचे दंतवैद्य ओटो वाल्कहोफ यांनी स्वतःच्या दातांचे चित्र घेतले; त्यासाठी त्यांना २५ मिनिटे निश्चल राहावे लागले. अमेरिकेतील न्यू ऑर्लीन्सचे एडमंड केल्स यांनी १८९९ मध्ये नलिकेत शिशाची तार ठेवून चित्र घेतले आणि तारेच्या छायेवरून लांबी कळू लागली. या विद्येची किंमत केल्स यांनी आपल्या देहाने चुकविली. यंत्राची पारख ते स्वतःच्या हातावर किरण पाडून करीत. कर्करोगाने आधी बोटे गेली, मग हात गेला; अखेर १९२८ मध्ये असह्य वेदनांपायी त्यांनी आपली जीवनयात्रा संपविली.

मुलांच्या दातांपुढे मात्र हे चित्रही अपुरे पडले. कायमचा दात वर सरकू लागला की दुधाच्या दाताचे मूळ झिजू लागते, आणि ही झीज बहुधा अंकुराकडील बाजूने, तिरकस होते. सपाट चित्रात मूळ पुरेसे लांब दिसते. नलिकेचे तोंड प्रत्यक्षात त्याच्या बरेच अलीकडे उघडलेले असते. म्हणून चित्रातील टोकाच्या एक-दोन मिलिमीटर अलीकडे थांबण्याचा प्रघात पडला, आणि नलिका भरण्यासाठी मुळाबरोबर शरीरात विरून जाणारी द्रव्ये वापरली जाऊ लागली.

दुसरी वाट जपानने दाखविली. नलिकेतील सुई मुळाच्या टोकाशी पोचली की तिच्या आणि तोंडातील त्वचेच्या दरम्यानचा विद्युत्-रोध ठरावीक असतो, असे १९४२ मध्ये सुझुकी यांना कुत्र्यांवरील प्रयोगांत आढळले. १९६२ मध्ये सुनादा यांनी हेच तत्त्व माणसाच्या दातांना लावले. तो रोध सुमारे ६.५ किलोओहम भरला आणि वयाप्रमाणे बदलला नाही. आरंभीची यंत्रे रक्ताने व ओलाव्याने फसत. १९९१ मध्ये कोबायाशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन वेगळ्या कंपनसंख्यांच्या प्रवाहांचे गुणोत्तर घेण्याची पद्धत मांडली आणि ही अडचण बरीचशी दूर झाली. पुढे मुलांच्या दातांवरही अशी यंत्रे वापरण्यात येऊ लागली. खुर्चीत चुळबुळणाऱ्या बालकाची पुन्हा पुन्हा चित्रे घेण्याचे त्यामुळे टळते. तरीही पहिले चित्र लागतेच. मूळ किती झिजले आणि अंकुर कोठे आहे, हे यंत्र सांगत नाही.

यथाकाल तो दात पडतो आणि मूल त्याला विसरूनही जाते. त्याने राखलेल्या जागेवर उगवलेला दात मात्र जन्मभर साथ देतो.