स्त्री अभ्यास केंद्र : हिंगण्यापासून पुणे विद्यापीठापर्यंत

बडोद्याच्या जुन्या मराठी घरांतून महाराणी चिमणाबाईंचे नाव अजूनही आदराने घेतले जाते. मात्र जानेवारी १९२७मध्ये पुण्यात भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाच्या अध्यक्षा त्याच होत्या, हे नव्या पिढीला सांगावे लागते. मुलींना कोणते शिक्षण द्यावे, हा त्या अधिवेशनापुढचा प्रश्न होता. समाजातील स्त्रीचे स्थान हाच विद्यापीठीय अभ्यासाचा विषय होऊ शकतो, या विचाराला आपल्याकडे संस्थारूप यायला त्यानंतर सत्तेचाळीस वर्षे लागली.

ते आले मुंबईत, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात. अण्णासाहेब कर्व्यांनी १९१६ साली हिंगण्यास आरंभिलेले हे विद्यापीठ अवघ्या पाच विद्यार्थिनींनिशी सुरू झाले होते. १९२०मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि आपल्या मातोश्रींचे नाव त्यास दिले. अण्णांचा एक आग्रह येथे ध्यानात ठेवण्याजोगा आहे. उच्च शिक्षण मातृभाषेतून द्यावे, इंग्रजी हा विषय म्हणून शिकवावा, असे त्यांचे मत होते. इंग्रजी माध्यमाच्या अडसरापायी बुद्धिमान मुलगी मागे पडू नये, ही त्यामागची व्यवहारदृष्टी. त्या काळच्या विद्वानांनी या कल्पनेची थट्टा केली. आपण सीमेवरचे आणि परप्रांतातले मराठी लोक तरी ती करणार नाही.

याच विद्यापीठात समाजशास्त्राच्या प्राध्यापिका नीरा देसाई यांच्या पुढाकाराने १९७४ साली स्त्री अभ्यासाचे संशोधन केंद्र उभे राहिले. त्याच वर्षाच्या अखेरीस स्त्रियांच्या दर्जाविषयीच्या राष्ट्रीय समितीने आपला अहवाल सरकारला सादर केला. १९०१मध्ये दर हजार पुरुषांमागे ९७२ असलेले स्त्रियांचे प्रमाण १९७१मध्ये ९३०वर आले होते. स्वातंत्र्य मिळाले, राज्यघटनेने समतेचा हक्क दिला, शाळा वाढल्या. आणि तरी हजारामागे बेचाळीस स्त्रिया कमी झाल्या, हे वाचून भल्याभल्यांची झोप उडाली. या समितीत लीला दुबे होत्या. विख्यात गायिका सुमती मुटाटकर यांच्या या धाकट्या भगिनी, माहेरच्या आंबर्डेकर. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी कुटुंबांनी देशाला काय दिले याची यादी करताना हे नाव सहसा राहून जाते, म्हणून मुद्दाम लिहिले.

एप्रिल १९८१मध्ये स्त्री अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद मुंबईत याच विद्यापीठात भरली. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या विषयाला मान्यता दिली आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या साहाय्याने ठिकठिकाणी केंद्रे निघाली. पुणे विद्यापीठातील केंद्र १९८७चे. विद्युत भागवत यांनी ते उभे केले. १९९१पासून शर्मिला रेगे त्यात काम करू लागल्या.

अशा केंद्राचे काम काय, याविषयी आपल्याकडे गैरसमज फार. बोलता बोलता मी एकदा ‘स्त्री अभ्यास केंद्र’ म्हटले, तर समोरच्या गृहस्थांनी, तेथे शिवणकामाचे वर्गही चालतात का, असे विचारले. ते चांगले शिकलेले होते. ग्रंथसंग्रह, संशोधन, अध्यापन आणि विद्यापीठाबाहेरच्या समाजाशी संपर्क ही केंद्राची नेमून दिलेली कामे. परंतु खेड्यातून, मराठी माध्यमातून, बहुधा घराण्यातली पहिलीच पदवीधर म्हणून आलेल्या मुलीला विद्यापीठाच्या त्या विस्तीर्ण आवारात सर्वांत आधी भेडसावते ती भाषा. व्याख्यान कळते, प्रश्नही सुचतो. विचारायला जीभ रेटत नाही. रेगे यांनी या अडचणीकडे विद्यार्थिनीचे वैगुण्य म्हणून पाहिले नाही. हा वर्गाच्या रचनेचा दोष आहे, असे त्यांनी मानले. मराठी आणि इंग्रजी दोन्हींत चालणारा वर्ग, जातीच्या अनुभवाला अभ्यासात स्थान आणि फुले-आंबेडकरांच्या शिक्षणविचारांचा आधार, अशी त्यांच्या अध्यापनाची घडण होती. जोतीरावांच्या ‘तृतीय रत्न’ या १८५५च्या नाटकाचे नाव त्यांनी आपल्या एका निबंधाच्या शीर्षकात योजले आहे. दलित स्त्रियांच्या मराठी आत्मकथनांवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ २००६ साली प्रसिद्ध झाला. बेबी कांबळे, शांताबाई दाणी, कुमुद पावडे, ऊर्मिला पवार आदी आठजणींचे लेखन त्यामुळे मराठी न जाणणाऱ्या वाचकांपर्यंत पोहोचले. कर्व्यांच्या मातृभाषेच्या आग्रहाशी याचे नाते मला दिसते. मात्र कर्व्यांच्या पहिल्या वर्गांत ज्यांना वाव नव्हता, त्या मुलींपर्यंत हा दुसरा प्रयत्न गेला, हा फरकही नजरेआड करता येत नाही. १३ जुलै २०१३ रोजी रेगे अकाली निवर्तल्या. त्या अवघ्या अठ्ठेचाळीस वर्षांच्या होत्या.

त्याच वर्षी कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा झाला. राजस्थानातील भंवरीदेवींवर १९९२मध्ये झालेल्या अत्याचारानंतर सर्वोच्च न्यायालयाने १९९७मध्ये विशाखा प्रकरणी घालून दिलेल्या दंडकांना त्याने वैधानिक रूप दिले. उच्च शिक्षणसंस्थांसाठीचे आयोगाचे नियम २०१६मध्ये आले. तक्रार समिती सक्तीची झाली, तेव्हा आता वेगळे केंद्र कशाला, असा सूर निघू लागला. समिती तक्रार लिहून दिल्यावर हलते. तक्रार लिहावी की नाही याच विवंचनेत असलेल्या मुलीने आधी कोठे जाऊन बसावे, याचे उत्तर कायद्याच्या कलमांत सापडत नाही.

या केंद्रांचे अनुदान पंचवार्षिक योजनांशी बांधलेले होते. बारावी योजना ३१ मार्च २०१७ रोजी संपली आणि योजनांची पद्धतही तेथेच थांबली. त्या वर्षी देशभरच्या केंद्रांत, आपली नोकरी पुढील सहामाहीत राहील की नाही, याची खात्री नसलेल्या अध्यापिका वर्ग घेत होत्या. पुण्याच्या केंद्राला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे. २०१४मध्ये साऱ्या विद्यापीठालाच सावित्रीबाईंचे नाव दिले गेले. केंद्राने ते त्याआधीच धारण केले होते.