मँचेस्टरमधला वर्गाबाहेरचा वर्ग

सप्टेंबर 2008 मध्ये लेहमन ब्रदर्स ही अमेरिकन बँक बुडाली. त्यानंतर तीन-चार वर्षांनी मँचेस्टर विद्यापीठात अर्थशास्त्राची पदवी घेणाऱ्या मुलांना वर्तमानपत्रात एक अर्थव्यवस्था दिसत होती आणि वर्गात दुसरीच. बाहेर बँका सरकारी पैशावर तगून होत्या, ग्रीसमध्ये पगार आणि पेन्शनी कापल्या जात होत्या. वर्गात फळ्यावर तोच समतोल, स्वतःचं हित अचूक ओळखणारा तोच ग्राहक आणि परीक्षेत सोडवायची तीच समीकरणं. 2012-13 च्या शैक्षणिक वर्षात यातल्या काही मुलांनी स्वतःचं मंडळ काढलं आणि नावातच तक्रार गोवली: पोस्ट-क्रॅश इकॉनॉमिक्स सोसायटी.

त्यांची मागणी मात्र नावाइतकी भडक नव्हती. रूढ नवअभिजात सिद्धान्त शिकवाच, पण त्याच्या शेजारी केन्सच्या वारसदारांना, मार्क्सला, हायेकच्या ऑस्ट्रियन संप्रदायाला, स्त्रीवादी आणि पर्यावरणीय अर्थशास्त्राला जागा द्या. आर्थिक इतिहास आणि अर्थविचारांचा इतिहास परत आणा. मार्क्स आणि हायेक एकाच यादीत मागणाऱ्यांवर 'डाव्यांची पोरं' असा शिक्का मारणाऱ्यांनी ती यादी वाचली नसावी. 2000 मध्ये पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी हेच मागितलं होतं. फ्रान्सच्या शिक्षणमंत्र्यांनी अर्थतज्ज्ञ ज्याँ-पॉल फितूसी यांच्याकडून अहवालही मागवला. पुढच्याच वर्षी केंब्रिजच्या 27 पीएच.डी. विद्यार्थ्यांनी जाहीर पत्र काढलं. पत्रं निघाली, अभ्यासक्रम जागचा हलला नाही. मँचेस्टरच्या मुलांनी पत्रावर न थांबता व्याख्यानं, चर्चा आणि परिसंवाद भरवायला सुरुवात केली. विद्यापीठ शिकवत नसेल तर आपण वक्ते बोलावू, असा साधा हिशेब.

खरा खटका उडाला तो 2013 मध्ये. बुडबुडे, घबराट आणि कोसळणं या विषयावर एक प्रायोगिक वर्ग सुरू झाला. त्याला श्रेयांक नव्हते, तरी मुलं येत होती. हा वर्ग रीतसर ऐच्छिक विषय व्हावा असा मंडळाचा आग्रह होता. विभागाने डिसेंबरात नकार दिला आणि ती बातमी देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकली. ज्या विषयाने जगाची झोप उडवली, तो पदवीच्या चौकटीत बसेना, हे विभागाला सांगावं लागलं. मंडळाला याहून मोठी जाहिरात पैसे टाकूनही मिळाली नसती.

हे मँचेस्टरमध्ये घडावं, यात गंमत आहे. कापडाच्या या शहरात 1840 च्या दशकात मार्क्सचा सहकारी एंगेल्स वडिलांच्या भागीदारीतल्या गिरणीच्या कचेरीत बसला आणि त्याने कामगारवस्त्यांवर पुस्तक लिहिलं. त्याच काळात, त्याच गावात कॉब्डेनची मंडळी खुल्या व्यापाराचा झेंडा नाचवत होती. या विद्यापीठाचं मूळ असलेल्या ओवेन्स कॉलेजात शिकवताना अर्थतज्ज्ञ जेव्हन्सने 1871 मध्ये सीमांत उपयोगितेचं पुस्तक प्रसिद्ध केलं. ज्या गणिती अर्थशास्त्राला मुलं कंटाळली होती त्याचा एक उगम इथलाच. पुढे इथेच आर्थर लुइस प्राध्यापक होते. गरीब देशांतल्या अमर्याद श्रमपुरवठ्यावरचा त्यांचा 1954 चा निबंध या गावाचं नाव धारण करणाऱ्या नियतकालिकात आला आणि 1979 मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

मग ही विविधता आटली कशी? मंडळाने एप्रिल 2014 मध्ये काढलेल्या अहवालात या प्रश्नाला हात घातला आहे, आणि मला त्यातला सगळ्यात कसदार भाग हाच वाटतो. ब्रिटनमध्ये विद्यापीठांच्या संशोधनाचं ठरावीक वर्षांनी सरकारी मूल्यमापन होतं आणि त्यावर अनुदान ठरतं. अर्थशास्त्रात चांगलं संशोधन म्हणजे मोजक्या नामवंत नियतकालिकांत छापलेलं, अशी समजूत रूढ झाली. ती नियतकालिकं एकाच पठडीतली. म्हणून नेमणुका त्या पठडीतल्या, निवृत्त होणाऱ्या वेगळ्या विचाराच्या माणसाची जागाही त्याच पठडीत भरली जाते, आणि वीस वर्षांनी विद्यार्थी 'केन्सनंतरचे केन्सवादी शिकवा' म्हणतात तेव्हा शिकवायला माणूसच नसतो. कुणी कट केलेला नाही. प्रत्येक जण आपापल्या विभागाचं अनुदान सांभाळतो आहे. म्हणूनच नुसत्या सह्यांच्या मोहिमेने हे सुटत नाही.

या अहवालाला प्रस्तावना होती बँक ऑफ इंग्लंडच्या अँड्र्यू हॅल्डेन यांची. मध्यवर्ती बँकेतल्या बड्या अधिकाऱ्याने पदवीच्या मुलांच्या तक्रारीला पाठबळ दिल्यावर 'पोरकटपणा' म्हणून ती झटकणं अवघड झालं. पुढच्याच महिन्यात 30 देशांतल्या 65 विद्यार्थी संघटनांचं संयुक्त आवाहन निघालं. सिद्धान्तांची, पद्धतींची आणि इतर विद्याशाखांशी देवाणघेवाणीची अशी तिहेरी विविधता त्यात मागितली होती. 'रीथिंकिंग इकॉनॉमिक्स' या नावाखाली अशा मंडळांचं जाळंही विणलं गेलं.

प्रस्थापितांकडूनही उत्तर आलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या वेंडी कार्लिन यांच्या पुढाकाराने 'कोअर' हे मोफत पाठ्यपुस्तक तयार झालं. त्यात विषमता आहे, इतिहास आहे, 2008 आहे. मुलांचा आक्षेप असा, की उदाहरणं नवी आली, पाहणारा डोळा एकच राहिला. आक्षेप योग्य आहे, पण चांगल्या पुस्तकाला नाकं मुरडताना तो थोडा कोताही वाटतो. दहा संप्रदायांची ओळखपरेड म्हणजे बहुविधता नव्हे, याचंही भान या चळवळीला नेहमीच होतं असं नाही.

जो अर्ल, काहल मोरान आणि झॅक वॉर्ड-पर्किन्स या मंडळाच्या तिघांनी 'द इकॉनॉक्रसी' हे पुस्तक लिहिलं. मँचेस्टर विद्यापीठाच्याच प्रकाशनगृहाने ते छापलं. सात नामांकित विद्यापीठांचे 174 अभ्यासघटक त्यांनी चाळले. अंतिम परीक्षेतल्या 76 टक्के प्रश्नांना स्वतंत्र किंवा चिकित्सक विचार लागतच नव्हता. पुस्तकाचा रोख मात्र वर्गाच्या भिंतीपलीकडे आहे: अर्थकारणाची भाषा तज्ज्ञांच्या ताब्यात गेली, तर सामान्य माणूस मत कशाच्या आधारावर देणार? म्हणून मंडळाने नागरिकांसाठी संध्याकाळचे वर्ग घेतले. अभ्यासक्रम बदलण्यापेक्षा हे काम मला मोलाचं वाटतं, कारण त्याला विभागाची परवानगी लागत नाही.

2022 च्या 'रीक्लेमिंग इकॉनॉमिक्स फॉर फ्यूचर जनरेशन्स' या पुस्तकात ही मंडळी वंश आणि साम्राज्य या प्रश्नांपर्यंत पोचली. मराठी वाचकाला इथे रानडे आठवतील. 1892 मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दिलेल्या व्याख्यानात न्यायमूर्तींनी इंग्रजी पाठ्यपुस्तकांतले सिद्धान्त सर्व देशांना, सर्व काळांना लागू पडत नाहीत असं बजावलं होतं आणि जर्मन अर्थतज्ज्ञ फ्रेडरिक लिस्टचा दाखला देऊन उद्योगांना सरकारी पाठबळ मागितलं होतं. चार वर्षांनी लँकेशायरच्या गिरणीमालकांच्या दबावाखाली भारतीय गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसला. मँचेस्टरचा खुला व्यापार मुंबईत असा पोचत होता. मँचेस्टरचे विद्यार्थी बहुविधतेच्या यादीत अजून एक नाव घालू इच्छित असतील, तर रानड्यांचं घालायला हरकत नाही.

मंडळाची जुनी अडचण मात्र कायम आहे. पदवी तीन वर्षांची. पहिल्या वर्षाच्या मुलाला प्रश्न कळेपर्यंत दुसरं वर्ष उजाडतं, आणि विभागाशी बोलणी जमायला लागली की तो पदवी घेऊन बाहेर पडतो. प्राध्यापक तिथेच असतात.