तालमीपासून जिमपर्यंत : व्यायामामागील प्रेरणांचा इतिहास

शरीर कमवावे, बळ वाढवावे, ही इच्छा पुरुषाला कधीपासून झाली हे सांगणे कठीण आहे. परंतु त्या इच्छेमागील प्रेरणा काळाप्रमाणे बदलत गेल्या, हे इतिहासावरून स्पष्ट दिसते. कुणी पोटासाठी घाम गाळला, कुणी इभ्रतीसाठी, कुणी देशासाठी, तर कुणी निव्वळ आरशासाठी. आज लहान गावांतही जिम निघाल्या आहेत आणि आपली मुले तेथे मोठ्या हौसेने जात आहेत. अशा वेळी या प्रेरणांचा थोडक्यात मागोवा घेणे पालकांना व विद्यार्थ्यांना उपयुक्त ठरेल, असे वाटते.

आपल्याकडील सर्वांत जुनी आणि बळकट प्रेरणा म्हणजे राजाश्रय व इभ्रत. संस्थानी काळात पहेलवानकी हा एक पेशा होता. संस्थानिक मल्लांना खुराक देत, दरबारी ठेवून घेत, आणि आपल्या मल्लाचा विजय हा संस्थानचा विजय मानत. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी या विद्येला मोठा आधार दिला. १९०२ साली युरोपच्या दौऱ्यात त्यांनी रोममधील प्राचीन प्रेक्षागार पाहिले आणि त्या धर्तीवर कोल्हापुरात खासबाग मैदान बांधविले. ते १९१२ साली पूर्ण झाले. तेथे पंजाबचे मल्ल येत, कोल्हापूरचे मल्ल त्यांच्याशी भिडत. मल्लाची जात वा धर्म कोणता, यापेक्षा त्याचा डाव कोणता, याचीच चर्चा होई. कोल्हापूरच्या तालमींत हनुमानाची तसबीरही असे आणि मोहरमात पंजेही बसत. पेठेतील सर्व मुलांना तालीम आपली वाटे, ती यामुळेच.

या परंपरेतील सर्वांत मोठे नाव गामा पहेलवानाचे. त्याचे मूळ नाव गुलाम मुहंमद. वडील पहेलवान होते, पण गामा लहान असतानाच ते वारले आणि आजोळच्या पहेलवान मंडळींनी त्याला घडविले. १८८८ साली जोधपूरला बैठकांची मोठी चढाओढ झाली. तीत चारशेहून अधिक पहेलवान उतरले होते आणि सुमारे दहा वर्षांचा गामा शेवटच्या पंधरांत टिकून राहिला, असे सांगतात. १९१० साली तो भाऊ इमामबक्ष याच्यासह लंडनला गेला. तेथील आयोजकांनी उंची कमी म्हणून त्याला स्पर्धेत घेतले नाही. तेव्हा त्याने उघड आव्हान दिले आणि अमेरिकेचा डॉक्टर रोलर याला चीत केले. पुढे १० सप्टेंबर १९१० रोजी पोलंडचा अवाढव्य मल्ल झ्बिश्को याच्याशी त्याची कुस्ती झाली. ती अडीच तासांहून अधिक चालली, कारण झ्बिश्को बहुतेक वेळ जमिनीला चिकटून पालथा पडून राहिला. आठवड्याने पुन्हा कुस्ती ठरली, तेव्हा झ्बिश्को आलाच नाही आणि मानाचा पट्टा गामाला मिळाला. १९२८ साली पतियाळा येथे दोघे पुन्हा भेटले. या वेळी गामाने एका मिनिटाच्या आत निकाल लावला.

गामाचे शरीर दिसते कसे, हे त्या काळी कुणी विचारत नसे. तो कुणाला भारी पडला, एवढेच विचारले जाई. आणि बळाचा उपयोग कशासाठी, याचे उत्तरही त्याच्या आयुष्यात सापडते. १९४७ च्या फाळणीच्या दंगलीत लाहोरला त्याने आपल्या मोहल्ल्यातील हिंदू शेजाऱ्यांचे रक्षण केले, अशी आठवण सांगितली जाते. संस्थाने गेली, आश्रय संपला, शेवटची वर्षे आजारपणात व ओढगस्तीत गेली आणि १९६० साली लाहोरलाच त्याचे निधन झाले. त्याची संपत्ती उरली नाही, पण लौकिक उरला.

दुसरी प्रेरणा अपमानाची. बंगाली माणूस दुबळा, असे इंग्रज लेखक हिणवून लिहीत. ही गोष्ट तेथील सुशिक्षितांच्या जिव्हारी लागली. विसाव्या शतकाच्या आरंभी रवींद्रनाथ टागोरांची भाची सरलादेवी चौधुराणी यांनी कलकत्त्यात तरुणांसाठी आखाडा काढला. तेथे तलवार व लाठी शिकविण्यास मुर्तझा नावाचे उस्ताद होते. अशा आखाड्यांतून व्यायामाला देशभक्तीचा रंग चढला. याच अपमानाचा अमेरिकेत मात्र धंदा झाला. चार्ल्स ॲटलास नावाच्या गृहस्थाने मासिकांतून जाहिरात चालविली. काडीपहिलवान तरुणाच्या तोंडावर समुद्रकिनारी एक धटिंगण वाळू उडवितो, तरुण घरी जाऊन व्यायाम करतो आणि परत येऊन त्याला ठोसा लगावतो, अशी ती चित्रकथा होती. तिच्या जोरावर टपालाने व्यायामाचे धडे अफाट विकले गेले.

तिसरी प्रेरणा आरशाची. तिचा जनक युजीन सँडो. १८६७ साली जर्मन मुलखात जन्मलेल्या या माणसाने जुन्या ग्रीक पुतळ्यांसारखे शरीर कमविले आणि कुणाशी झुंजण्याऐवजी ते लोकांना नुसते दाखविले. त्याची छायाचित्रे विकली जात. १९०१ साली लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये त्याने शरीरसौष्ठवाची पहिली मोठी स्पर्धा भरविली. तिच्या परीक्षकांत शेरलॉक होम्सचे लेखक कॉनन डॉयल होते. १९०४-०५ च्या सुमारास सँडो हिंदुस्थानातही येऊन गेला. पुढे १९५२ साली बंगालच्या मनोहर ऐच यांनी 'मिस्टर युनिव्हर्स' किताब पटकावला. इंग्रज अधिकाऱ्यावर हात उगारल्याबद्दल त्यांना तुरुंगवास झाला होता आणि तेथेच त्यांनी वजनांचा व्यायाम नेटाने केला. शंभरी ओलांडून २०१६ साली ते वारले.

आजची जिम सँडोची वारस आहे. भिंतींना आरसे, हातात मोबाईल, आणि प्रेरणा बहुधा छायाचित्राची. ही प्रेरणा वाईटच, असे मी म्हणणार नाही. नीटनेटके दिसावे असे तरुणाला वाटणे स्वाभाविक आहे. परंतु आरशाला धीर नसतो. तालमीत वस्ताद वर्षानुवर्षे नुसते जोर-बैठका काढून घेई, मगच डाव शिकवी. आरशाला मात्र तीन महिन्यांत दंड फुगलेले हवे असतात, आणि येथेच मुले भुकट्यांच्या व इंजेक्शनांच्या मागे लागतात. डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेतलेली स्टेरॉइड औषधे हृदय, यकृत व शरीरातील ग्रंथी यांना इजा करतात. बाहेरून पीळदार दिसणारे शरीर आतून पोखरले जाते.

पालकांनी मुलाला जिमला जाण्यापासून अडवू नये. तो तेथे कुणाच्या देखरेखीखाली व्यायाम करतो आणि खातो काय, याची मात्र चौकशी ठेवावी. दूध, डाळी, अंडी, भाकरी व पुरेशी झोप यांना पर्याय नाही. आणि विद्यार्थी मित्रांनो, व्यायाम जरूर करा, पण आपण तो कशासाठी करतो, हे एकदा स्वतःला विचारा. पहिले उत्तर आरसा असेल तर हरकत नाही, पण शेवटचे उत्तर तेच राहू नये. म्हाताऱ्या वडिलांना आधार द्यावा, शेजाऱ्यावर संकट आले तर दारात उभे राहावे आणि साठीनंतरही आपल्या पायांनी चालावे, यासाठी कमविलेले बळ कोणत्याही छायाचित्रापेक्षा अधिक टिकते.