ठेच्याचे वय

तव्यावर चमचाभर तेल, त्यात मोडून टाकलेल्या हिरव्या मिरच्या, लसणाच्या पाकळ्या आणि जाडे मीठ. मिरचीच्या सालीवर काळे डाग पडले की तवा उतरवायचा आणि तव्यातच तांब्याच्या बुडाने रगडायचे. मिठाचे खडे साल फाडतात, बिया मोकळ्या होतात आणि तिखटपणा तेलात उतरतो. तो पाण्यात विरघळत नाही, म्हणून ठेचा खाऊन घटाघटा पाणी पिणाऱ्याची फजिती होते. नाशिक जिल्ह्यात येवला-नांदगावकडे हा ठेचा बाजरीच्या भाकरीवर येतो, पेठ-सुरगाण्यात नागलीच्या. ढाब्यांच्या पाट्यांवर त्याला 'गावरान', 'अस्सल' म्हणतात आणि वाचणारा त्याला थेट पुराणकाळात नेऊन बसवतो. ठेचण्याची रीत तेवढी जुनी आहेच; नेवासे आणि इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वस्त्यांत दगडी पाटे-वरवंटे सापडले आहेत. ठेचा मात्र साडेचारशे-पाचशे वर्षांपलीकडे जाऊ शकत नाही. आणि तो घडला असावा तो राजवाड्यात नव्हे, मिरे विकत घेणे ज्याच्या आवाक्याबाहेर होते त्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात.

बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने 'मानसोल्लास' लिहिला. त्यात राजाच्या ताटातले पदार्थ बारकाईने येतात, तिखटासाठी मिरे आणि आले येते. मिरची कुठेच नाही. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहिला, इथल्या औषधी वनस्पतींवर त्याने 1563 मध्ये ग्रंथ छापला. त्यात मिऱ्यांवर प्रकरण आहे, मिरचीवर नाही. 'आईन-इ-अकबरी' सोळाव्या शतकाच्या अखेरची; तिच्यात मसाल्यांचे बाजारभाव दिले आहेत आणि तिथेही मिरेच आहेत. यावर कोणी म्हणेल, ग्रंथ लिहिणारे दरबारी. कुणब्याच्या परड्यात काय उगवते ते त्यांना काय ठाऊक? आक्षेप रास्त आहे, आणि नुसत्या ग्रंथांच्या मौनावर मीही विसंबणार नाही. पण वनस्पतीच्या कुळाला दरबार आडवा येत नाही. मिरचीचे सगळे रानटी भाऊबंद अमेरिका खंडात आहेत, आशियात एकही नाही. मेक्सिकोत तिची लागवड हजारो वर्षांची आहे. समुद्रापलीकडे ती गेली 1492 नंतरच.

आशियात ती आणली पोर्तुगीजांनी. त्यांच्या अल्बुकर्कने 1510 मध्ये गोवा घेतला आणि पुढच्याच वर्षी मलाक्का. मलायी लोक नारळाच्या दुधात शिजवलेल्या भातासोबत जे सांबल खातात, ते दगडी खलात मिरची आणि कोळंबीचा आंबवलेला गोळा कुटून करतात. तिथेही मिरचीच्या आधी पिंपळीचा तिखटपणा होता. म्हणजे ठेचा आणि सांबल ही एकाच व्यापाराची दोन लेकरे. इकडे पोर्तुगीजांना 1534 मध्ये वसई मिळाली. वसईशेजारच्या सोपाऱ्यापासून घाट चढून नाशिककडे येणारा रस्ता तेव्हाही नवा नव्हता. नाशिकच्या पांडवलेण्यातल्या उषवदाताच्या प्राचीन दानलेखात सोपारा आणि नाशिकजवळचे गोवर्धन यांची नावे एकत्र येतात. मिरची याच वाटेने वर आली, हा माझा तर्क, पुरावा नव्हे. गोव्याहून देशावरून येणारी वाटही होतीच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: परदेशी पीक इतक्या लवकर प्रत्येक चुलीपर्यंत पोहोचले कसे? उत्तर मिरचीच्या अंगात आहे. एका सुक्या मिरचीत डझनावारी बिया, वजन नगण्य, खिशातून नेता येतात. पाखरांना तिचा तिखटपणा झोंबत नाही, ती बी आपसूक पसरवतात. सांडपाण्यावर परसात झाड वाढते. मिऱ्यांच्या वेलीला मलबारचा पाऊस आणि सावली हवी. सिन्नर-नांदगावच्या रखरखीत माळावर ती तगणार नाही, म्हणून तिथे मिरे कायम विकतचेच. ज्याचे जेवण रोज मीठ आणि भाकरीवर निभते, त्याला फुकटचा तिखटपणा मिळाला, की तो सनातनपणाची चौकशी करत नाही.

चौकशी केली ती कर्मकांडाने. तमिळ कर्मठ घरांत श्राद्धाच्या स्वयंपाकात आजही मिरचीऐवजी मिरे वापरतात, कारण पितरांच्या ताटात नवी वस्तू चालत नाही. आपण मात्र एकादशीच्या साबुदाण्याच्या खिचडीत मिरची, शेंगदाणे, बटाटा सगळे घालतो. साबुदाणाही बहुधा कसाव्याचाच. चारही अमेरिकेचे आणि उपास कडक! यावरून कोणी म्हणेल, मग ठेचा आपला उरला तरी काय? बाजरीही आफ्रिकेतून आलेली आहे, फक्त फार आधी. पीक कुठले यावरून पदार्थाचे गाव ठरवायचे, तर भाकरीही परकी ठरेल. मलायी सांबलात जिथे कोळंबी येते, तिथे येवल्याच्या बाजूला भाजलेल्या शेंगदाण्यांचे कूट येते. पश्चिमेच्या डोंगरी भागात खुरासणी शेतात पिकते, म्हणून तिची चटणी पाट्यावर येते. गोव्याच्या बंदरात यातले काहीच ठरले नव्हते.