अंदाज: फेक की माप?

सुप्यात चहाच्या टपरीवर पैसेवारीवरून, म्हणजे पिकाच्या सरकारी अंदाजावरून, वाद रंगला होता. “ही नुसती नजरअंदाज, अंतिम अजून यायचीय,” असं एक जण म्हणाला आणि मी त्या शब्दापाशीच अडकलो. हिंदीत नजरअंदाज करणं म्हणजे दुर्लक्ष करणं. पारनेर तालुक्यातल्या या पर्जन्यछायेतल्या गावात मात्र नजरअंदाज म्हणजे उभं पीक डोळ्यांनी जोखणं. एकच शब्द, आणि अर्थ असे उलटे?

फारसीत ‘अंदाख्तन’ म्हणजे फेकणं. तिरंदाज, गोलंदाज त्यातलेच. हिंदीतला नजरअंदाजही तसाच, नजरेतून टाकलेला. आपल्या अंदाजाचं नातं मात्र ‘अंदाजा’शी, म्हणजे मापाशी लावतात. त्याचं मध्य फारसी रूप ‘हंदाजग’. अरबीतला भूमितीचा ‘हंदसा’ शब्दही तिथूनच आला. मग फेक आणि माप ही दोन वेगळी घराणी मानायची का? मला ते पटत नाही. मध्य फारसीत ‘हंदाख्तन’ म्हणजे योजणं, बेत करणं. अंतर जोखल्याशिवाय नेम नाही आणि नेमाशिवाय फेक नाही. दोन्ही अर्थ नेमबाजाच्या एकाच कृतीतून फुटले, असं माझं ठाम मत आहे.

नेमबाज किती चुकला ते बाण दाखवतो. पिकाच्या अंदाजाचं काय? 1957 मध्ये दशमान नाणी आली, आणेवारीची पैसेवारी झाली, पण पेच जुनाच राहिला. 1918 मध्ये गुजरातेतल्या खेडा जिल्ह्यात शेतकरी म्हणत होते पीक चार आण्यांच्या, म्हणजे पाव पिकाच्या आत, सरकार म्हणत होतं वर. कारण चार आण्यांच्या आत सारा तहकूब होई. ओठांवरचा आकडा मनातलाच आहे, हे कसं ओळखायचं?

शेतातलं धान्य मोजायची सोय साताऱ्यातल्या बुधचे पां. वा. सुखात्मे यांच्यासारख्या संख्याशास्त्रज्ञांनी केली: चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तुकडे निवडून पीक कापायचं. मनातलं मोजायची युक्ती 1950 मध्ये अमेरिकी हवामानतज्ज्ञ ग्लेन ब्रायर यांनी दिली. अंदाज आणि घडलेलं यांतल्या अंतराचा वर्ग, तेवढा दंड. पावसाची खात्री मनात 70 टक्के असेल आणि तुम्ही 70च सांगितलंत, तर सरासरी दंड 0.21, फुगवून 100 म्हणालात तर 0.30. खरं बोलणाराच कमी भरतो. अर्थशास्त्राच्या प्रयोगांत लोकांच्या मनातला अंदाज अजमावताना याच जातीच्या नियमांनी पैसे देतात. बाण लक्ष्यापासून किती लांब पडला, तेच हे माप.

सुपेकरांना एक विनंती: नजरअंदाज आणि अंतिम पैसेवारी दरवर्षी चावडीच्या फळ्यावर शेजारीशेजारी लिहा, आणि जुने आकडे पुसू नका.