सुप्याचा क्रोटन

जोयड्यात आमच्या दारात पिवळ्या ठिपक्यांचा क्रोटन आहे. बारमाही पानांचा. विलायतेत चितकबरी होली लावतात, तसा आपल्याकडे हा. मूळचा इंडोनेशियाकडच्या बेटांवरचा. आमचा मात्र जुन्या सुप्याचा.

काळी नदीवरचं 101 मीटर उंच धरण 1987 साली पूर्ण झालं. सुपा पाण्याखाली गेलं, तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं. आम्ही निघालो तेव्हा आईने क्रोटनची वीतभर फांदी ओल्या गोणपाटात गुंडाळली. वडील चिडले, "भांडी राहिली, आणि हे काय!"

इथे आधी सावलीत लावला, तर पानं नुसती हिरवी आली. उन्हात हलवल्यावर ठिपके परतले. परवा सूनबाई म्हणाली, "बाबा, हा नर्सरीत मिळतो की."

मिळतो ना.